व्हीलचेअर घेऊन मुंबईत: प्रवासाची आखणी उलट्या टोकाने करा

मुंबईला जायचं ठरलं की बाहेरगावचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "गाडी कुठली घ्यायची?" व्हीलचेअरवर बसून येणाऱ्याने या प्रश्नापासून सुरुवात केली की पुढे गडबड होते. गाडी मिळते, जागाही मिळते. मग उतरल्यावर कळतं की फलाटावरून बाहेर पडायला जिन्याचा पूल सोडून वाट नाही, टॅक्सीच्या डिकीत खुर्ची मावत नाही, किंवा मेट्रोची लिफ्ट रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला आहे. प्रवास अडतो तो दोन वाहनांमधल्या शंभर-दोनशे पावलांत. या जागांना मी 'जोड' म्हणते. आधी जोड पाहायचे, मग वाहन ठरवायचं.

उपचारासाठी, देवदर्शनाला, परीक्षेला किंवा नातेवाइकांकडे येणारे बहुतेकजण त्याच त्या चार-पाच ठिकाणी अडकतात, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. हा क्रम मोडू नका.

## टप्पा १: कागदपत्रं, निदान महिनाभर आधी

यूडीआयडी कार्ड म्हणजेच स्वावलंबन कार्ड (केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) हातात आलं की सगळ्या सवलती आपोआप मिळतील, असा समज आहे. रेल्वेच्या तिकिटावर सवलत मिळवायला रेल्वेचं वेगळं दिव्यांग ओळखपत्र लागतं. त्यासाठी सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरने रेल्वेच्याच नमुन्यात भरून दिलेलं प्रमाणपत्र हवं. अर्ज आता रेल्वेच्या दिव्यांगजन संकेतस्थळावरून करता येतो. तपासणी होऊन कार्ड हाती यायला वेळ जातो, म्हणून महिनाभर आधी म्हटलं.

इथली नेहमीची चूक: अस्थिव्यंग असलेल्यांच्या प्रमाणपत्रावर अपंगत्वाची टक्केवारी असते, पण "सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही" हा उल्लेख नसतो. रेल्वे सवलत देताना टक्केवारीपेक्षा हा उल्लेख पाहते. डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या तो रकाना वाचून घ्या. नंतर फक्त दुरुस्तीसाठी पुन्हा जावं लागतं.

पात्र ठरलात तर तुम्हाला आणि एका सोबत्याला सेकंड, स्लीपर, थर्ड एसी आणि एसी चेअर कारमध्ये ७५ टक्के, तर फर्स्ट आणि सेकंड एसीत ५० टक्के सवलत मिळते. राजधानी-शताब्दी गाड्यांत ती कमी असते. स्लीपरमध्ये दिव्यांग कोट्याच्या चार शायिका असतात आणि त्यातल्या दोन खालच्या असतात. तिकीट काढताना कोटा निवडायला विसरलं की सवलत मिळते, पण खालची शायिका हातची जाते. साध्या एसटीत दिव्यांगाला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. अपंगत्व ६५ टक्के किंवा जास्त असेल तर सोबत्यालाही निम्मं भाडं पडतं.

तपासा: मूळ कार्ड, त्याच्या दोन छायाप्रती आणि मोबाइलमध्ये फोटो. तिघेही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. मूळ कार्ड सोबत्याच्या पिशवीत नको, तुमच्या अंगावर हवं. गर्दीत ताटातूट झाली तर कार्ड तुम्हाला दाखवायचं असतं.

## टप्पा २: खुर्ची मोजा

टेप घ्या आणि चार मापं कागदावर लिहा: उघड्या खुर्चीची बाहेरून बाहेर रुंदी (चाकाच्या कडीसकट), घडी केल्यावरची जाडी, घडीची उंची आणि खुर्चीचं वजन. साधी घडीची खुर्ची बाहेरून साधारण ६० ते ६६ सेंटीमीटर रुंद असते. लॉजच्या बाथरूमचं दार किती रुंद आहे हे फोनवर विचारता येतं, पण आपली खुर्ची किती रुंद आहे हेच माहीत नसेल तर त्या उत्तराचा उपयोग काय?

नंतर ब्रेक पाहा, पुढच्या छोट्या चाकांत अडकलेले केस-दोरे काढा, टायर ट्यूबचे असतील तर हवा भरा. कमरेचा पट्टा नसेल तर तो आत्ताच लावून घ्या. मुंबईच्या फुटपाथवर पेव्हर ब्लॉक खचलेले असतात. पुढचं चाक त्यात अडकलं की बसलेला माणूस पुढे फेकला जातो.

एक छोटी पिशवी खुर्चीलाच टांगलेली असू द्या: ॲलन की (षटकोनी पाना), चार फूट नायलॉनची दोरी, जुना टॉवेल, प्लास्टिकची मोठी पिशवी (पावसात सीट झाकायला), औषधं आणि कॅथेटर वापरत असाल तर त्याचा एक दिवस पुरेल इतका जादा साठा.

## टप्पा ३: शेवटच्या दारापासून मागे या

कागदावर सगळ्यात खाली तुमचं शेवटचं ठिकाण लिहा: रुग्णालयाचा विभाग, देवळाचं गेट, नातेवाइकांची इमारत. तिथे फोन करून चार प्रश्न विचारा.

"व्हीलचेअर चालेल का?" असं विचारू नका. याला सगळे "हो हो, या" म्हणतात. असं विचारा:

१. रस्त्यापासून लिफ्टपर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत? एकसुद्धा मोजा.
२. लिफ्ट तळमजल्यावरून सुरू होते का, की अर्धा जिना चढल्यावर?
३. लिफ्टचं दार सरकतं आहे की जाळीचं? आत खुर्ची आणि एक माणूस मावतो का?
४. कमोड कुठे आहे आणि त्याच्या दारातून खुर्ची आत जाते का?

दुसरा प्रश्न मुंबईसाठी फार महत्त्वाचा आहे. जुन्या इमारतींत रस्त्यापासून चार-सहा पायऱ्या चढून मग लिफ्ट येते, आणि तिथे राहणाऱ्यांना त्या पायऱ्या आठवतही नाहीत.

मग वरच्या दिशेने लिहीत जा: शेवटच्या दारापर्यंत कोणतं वाहन, ते कुठे थांबेल, त्याआधीचा जोड कोणता, आणि सगळ्यात वर तुमच्या गावचं स्टेशन. प्रत्येक जोडासमोर 'पायऱ्या / लिफ्ट / रॅम्प / माहीत नाही' यांपैकी एक शब्द लिहा. 'माहीत नाही' उरलं असेल तर तिकीट काढू नका.

स्वच्छतागृहाची जागाही याच कागदावर लिहा. वाटेत अडचण होईल म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करणारे फार भेटतात. मणक्याच्या दुखापतीच्या माणसाला हे धोक्याचं आहे. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, आणि मुंबईच्या उकाड्यात भोवळही येते. पाणी प्या आणि थांबे आखा. मेट्रो स्थानकं, मोठे मॉल आणि नवी रुग्णालयं हे तुमचे भरवशाचे थांबे.

## टप्पा ४: कुठे उतरायचं ते ठरवा

इथे माझं मत ठाम आहे. ठिकाण दादर-परळच्या जवळ असलं तरी लांब पल्ल्याच्या गाडीने येताना दादरला उतरू नका. दादरचे फलाट मधे येतात, बाहेर पडायला पूल ओलांडावा लागतो, गाडी थोडाच वेळ थांबते आणि गर्दी कायमची असते.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी) आणि मुंबई सेंट्रल ही शेवटची स्थानकं आहेत. रूळ तिथेच संपतात. फलाटाच्या टोकाशी सरळ मोठं दालन लागतं, पूल चढावा लागत नाही. गाडी पुढे जाणार नसल्यामुळे सगळे उतरेपर्यंत तुम्ही शांतपणे थांबू शकता. चर्चगेटही तसंच, पण तिथे फक्त लोकल येतात. सीएसएमटीहून परळला टॅक्सीने मागे यावं लागलं तरी ते पैसे वाया जात नाहीत.

सीएसएमटीला लांब पल्ल्याच्या गाड्यांचे फलाट पूर्वेकडे आहेत आणि १८ क्रमांकाच्या बाजूने पी. डि'मेलो रोडकडे बाहेर पडता येतं. टॅक्सीसाठी ही बाजू समोरच्या गर्दीपेक्षा सोपी आहे.

गाडीत चढायला आणि मुंबईत उतरायला मदत हवी असेल तर दोन्हीकडची सोय आधी करा. १३९ या रेल्वेच्या मदत क्रमांकावर फोन करता येतो, आणि निघायच्या स्टेशनवर स्टेशन मास्तरांना भेटून खुर्ची व हमाल मागता येतो. मोठ्या स्थानकांवर बॅटरीवर चालणाऱ्या गाड्याही असतात. "तिकडे सांगितलंय" एवढ्यावर भागवू नका; कुणाशी बोललात ते नाव आणि डब्याचा क्रमांक लिहून घ्या.

बऱ्याच मेल-एक्स्प्रेस गाड्यांना टोकाला दिव्यांगांचा राखीव डबा असतो. त्याचं दार आणि शौचालय नेहमीपेक्षा रुंद असतं. तो वातानुकूलित नसतो, आणि तो डबा कधीकधी फलाटाच्या अगदी शेवटी, छप्पर संपल्यावर लागतो. पावसाळ्यात हे लक्षात ठेवा.

इशारा: उचलून चढवायची वेळ आली तर उचलणाऱ्यांना आधी सांगा की खुर्चीची चौकट धरा. आर्मरेस्ट आणि फूटरेस्ट निघणारे असतात. घाईत हमाल तेच धरतात, ते हातात येतात आणि माणूस खाली जातो. दोघे मागे, दोघे पुढे. आधी ब्रेक, मग पट्टा, मग "एक-दोन-तीन". हुकूम एकानेच द्यायचा, आणि शक्यतो तो खुर्चीत बसलेल्याने द्यावा.

## टप्पा ५: शहरातलं वाहन निवडा

### मेट्रो: पहिली पसंती

फलाट आणि डबा एका पातळीवर, प्रत्येक स्थानकात लिफ्ट, रुंद प्रवेशफाटक, डब्यात व्हीलचेअरची जागा. हे सगळं एकत्र मुंबईत दुसरीकडे मिळत नाही. मेट्रो १ (वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर) २०१४ पासून चालू आहे. २अ आणि ७ या मार्गिका दहिसर ते अंधेरी पट्ट्यात दोन बाजूंनी जातात. बाहेरगावच्या माणसाच्या सगळ्यात कामाची आहे ती भुयारी मेट्रो ३, आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं. ऑक्टोबर २०२५ पासून ती पूर्ण लांबीने धावते आहे. सीएसएमटी, मुंबई सेंट्रल, दादर, सिद्धिविनायक, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स तिच्यावर आहेत.

क्रम असा ठेवा:

१. लिफ्टचं प्रवेशद्वार शोधा. स्थानकाला अनेक दारं असतात, पण लिफ्ट सगळ्या दारांशी नसते. नकाशा तुम्हाला सगळ्यात जवळच्या दारापाशी नेतो आणि ते नेमकं सरकत्या जिन्याचं निघतं. आदल्या दिवशी मेट्रोच्या मदत क्रमांकावर विचारा: "रस्त्यावरची लिफ्ट कुठल्या दाराशी, आणि आज चालू आहे का?"
२. उतरायच्या स्थानकाबद्दलही तेच विचारा. अर्धे लोक हे विसरतात.
३. सुरक्षातपासणीच्या टेबलावरच्या माणसाला सांगा की अंगाला हात लावून तपासा, खुर्चीतून उठता येणार नाही.
४. ग्राहक सेवा खिडकीवर मदत मागा आणि उतरण्याच्या स्थानकाला कळवायला सांगा.
५. डब्यात शिरताना फट काटकोनात ओलांडा. तिरकं गेलात की पुढचं छोटं चाक वळून फटीत बसतं. फट जास्त वाटली तर पाठमोरे शिरा, म्हणजे मोठं चाक आधी जाईल.
६. आत गेल्यावर खुर्ची आडवी वळवून उभी करा, ब्रेक लावा.

मार्गिका बदलताना वेळ जास्त धरा. मरोळ नाक्याला मेट्रो १ उन्नत आणि मेट्रो ३ जमिनीखाली आहे; एका लिफ्टमधून दुसऱ्या लिफ्टमध्ये जात राहावं लागतं. सुदृढ माणसाला लागतो त्याच्या तिप्पट वेळ धरलेला बरा. २अ आणि ७ वर दिव्यांगांना 'मुंबई १' या मेट्रो कार्डावरच्या मासिक पासावर २५ टक्के सवलत आहे.

### टॅक्सी आणि रिक्षा

मुंबईच्या बहुतेक काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर चालतात आणि गॅसची टाकी डिकीतच असते. घडी केलेली खुर्ची तिथे बसत नाही. ॲपवरून मागवलेल्या छोट्या गाड्यांचंही तेच. म्हणून मोठी गाडी मागवा, आणि चालकाला फोन करून एवढंच विचारा: "डिकी रिकामी आहे का?" टपावर कॅरियर असलेली टॅक्सी मिळाली तर तुमची नायलॉनची दोरी इथे कामाला येते.

रिक्षा दक्षिण मुंबईत चालत नाहीत. पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला शीवच्या पुढे शहराकडे त्यांना बंदी आहे. सीएसएमटीला उतरून रिक्षा शोधणारे दर वेळी दिसतात.

गाडीत बसताना पुढची सीट पूर्ण मागे सरकवून घ्या. खुर्ची सीटला थोडी तिरकी लावा, ब्रेक, फूटरेस्ट बाजूला, मग सरका. चालक मागून हॉर्न ऐकून घाई करतात. त्यांना हॅझार्ड दिवे लावायला सांगा.

### बेस्ट

बेस्टच्या खालच्या तळाच्या वातानुकूलित बसगाड्यांत काहींना रॅम्प असतो. तो हाताने उघडावा लागतो आणि बस फुटपाथला चिकटून उभी राहिली तरच नीट टेकतो. थांब्यासमोर रिक्षा-दुचाक्या उभ्या असतात, त्यामुळे बस बरेचदा रस्त्याच्या मधेच थांबते. चलो ॲपवर बस कुठवर आली ते दिसतं. पहिल्यांदाच येणाऱ्याने वेळेच्या कामासाठी बसवर विसंबू नये. परतीच्या मोकळ्या वेळात जरूर वापरून पाहा.

### लोकल: कुणी घ्यावी, कुणी नाही

लोकलमध्ये दिव्यांगांचा राखीव डबा असतो. त्यात कर्करुग्ण आणि गर्भवतींनाही मुभा आहे. कुबड्या, कॅलिपर (पायाला बांधायचा धातूचा आधार) किंवा काठी घेऊन चालणाऱ्यांना तो खूप उपयोगी आहे. व्हीलचेअरवर असाल आणि तुम्हाला उचलणारी दोन माणसं सोबत नसतील, तर मधल्या स्थानकावरून लोकल पकडू नका. फलाट आणि डब्याच्या पातळीत फरक असतो, मधे फट असते आणि गाडी अर्धा मिनिटही थांबत नाही. सीएसएमटी किंवा चर्चगेटला चढणं जमतं, कारण तिथे गाडी काही मिनिटं उभी असते. उतरायचं कुठे, हा प्रश्न तरीही राहतोच.

डबा कुठे लागतो याची खूण फलाटावर असते, आणि अनेक फलाटांवर त्या जागी बीप-बीप असा आवाज येत राहतो. ओळखपत्र जवळ ठेवा. धडधाकट लोक या डब्यात शिरतात. रेल्वे कायद्याच्या कलम १५५ खाली तो गुन्हा आहे, आणि १३९ वर तक्रार करता येते.

## टप्पा ६: दिवस आणि वेळ

सकाळी ८ ते ११ लोंढा सीएसएमटी-चर्चगेटकडे येतो, संध्याकाळी ५ ते ९ उलटा जातो. दुपारी १२ ते ४ ही तुमची वेळ. रुग्णालयात सकाळी ८चा नंबर असेल तर आदल्या दिवशी येऊन जवळच राहा. पहाटेच्या गाडीने येऊन थेट पोचण्याच्या हिशोबात जराही सैलपणा उरत नाही.

रविवारी गर्दी कमी म्हणून लोक निघतात आणि मेगाब्लॉकमध्ये सापडतात. दुरुस्तीसाठी दिवसाचे काही तास मार्ग बंद असतो, गाड्या दुसऱ्या फलाटावर वळवतात, आणि घोषणा होताच सगळे पुलाकडे पळतात. तुम्हाला पळता येत नाही. शनिवारी ब्लॉकचं वेळापत्रक पाहून घ्या.

जून ते सप्टेंबर: मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की हिंदमाता, शीव, अंधेरी सबवे या ठिकाणी पाणी तुंबतं. तुंबलेल्या पाण्यात खुर्ची घालू नका. खालचा खड्डा किंवा उघडं मॅनहोल दिसत नाही. जिथे असाल तिथे उंचावर थांबा, पाणी ओसरू द्या.

## एक आखणी करून पाहू

नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने येऊन सिद्धिविनायकाचं दर्शन, त्याच दिवशी परत. उलट्या टोकाने लिहू.

देऊळ: ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठी वेगळी रांग असते, कुठल्या गेटने, ते आदल्या दिवशी फोन करून विचारायचं. मंगळवार, संकष्टी आणि अंगारकी टाळायची.

त्याआधीचा जोड: सिद्धिविनायक मेट्रो स्थानकाच्या लिफ्टपासून ते गेट. अंतर थोडं आहे, पण लिफ्ट रस्त्याच्या कुठल्या बाजूला येते त्यावर रस्ता ओलांडायचा की नाही हे ठरतं.

त्याआधीचा जोड सगळ्यात अवघड: सीएसएमटीचा रेल्वे फलाट ते मेट्रोची लिफ्ट. स्टेशनसमोरचा जुना भुयारी मार्ग पायऱ्यांचा आहे. सगळे "सबवेने जा" म्हणून हात दाखवतात. तिथे उतरायचं नाही. लिफ्टच्या दारापर्यंत पायऱ्यांशिवाय वाट आहे याची खात्री मेट्रोच्या मदत क्रमांकावर झाली तर मेट्रो घ्यायची. खात्री झाली नाही, तर १८ नंबरच्या बाजूने बाहेर पडून मोठी टॅक्सी थेट देवळापर्यंत. दोन्ही पर्याय कागदावर, आणि टॅक्सीचे पैसे वेगळे बाजूला काढलेले.

गाडी: दादरलाही थांबते, आणि दादर देवळाला जवळ आहे. तरीही सीएसएमटीलाच उतरायचं. संध्याकाळी परतीला चढायचं तेही सीएसएमटीलाच, गाडी फलाटावर लागताच, कारण दादरला ती भरून येते.

## दृष्टिहीन आणि कर्णबधिर प्रवाशांसाठी वेगळं

दृष्टिहीनांनी मेट्रोतल्या पिवळ्या उंचवट्याच्या फरशा धरून चालावं. रस्त्यावरच्या फुटपाथवर मात्र त्या पट्टीवर विसंबू नये; ती झाडाला किंवा टपरीला जाऊन संपते. मदत करणाऱ्याला स्पष्ट सांगा, "माझा हात ओढू नका, मी तुमचं कोपर धरतो." रस्ता ओलांडल्यावर आपण आता कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत हे त्याच्याकडून वदवून घ्या, नाहीतर तो सोडून जातो आणि दिशा हरवते.

कर्णबधिरांची खरी अडचण ऐनवेळच्या घोषणा. "फलाट बदलला" हे फक्त भोंग्यावर सांगितलं जातं, इंडिकेटर मागे राहतो. फलाटावरची सगळी माणसं एका दिशेला निघाली की लगेच कुणाला तरी लिहून विचारा. मोबाइलच्या पहिल्या पडद्यावर मराठीत आणि हिंदीत एक ओळ तयार ठेवा: "मला ऐकू येत नाही. ही गाडी ____ ला जाते का? लिहून सांगा."

## निघण्याच्या आदल्या रात्री

दोन्ही स्थानकांच्या लिफ्ट चालू आहेत का ते पुन्हा विचारा. सकाळी विचारलेलं रात्री जुनं झालेलं असतं. मोबाइल आणि पॉवर बँक चार्ज. विजेवर चालणारी खुर्ची असेल तर तिचा चार्जर सोबत, आणि राहण्याच्या ठिकाणी १५ अँपियरचा पॉइंट आहे का याची विचारणा. सोबत्याला खुर्चीची घडी घालायला आणि उघडायला लावा, तुम्ही न बोलता. उतरता रॅम्प पाठमोरा कसा उतरवायचा तेही दारातल्या उतारावर एकदा करून घ्या. रॅम्पचा उतार बारा फुटांना एक फूट यापेक्षा खडा असेल तर खुर्ची एकट्याने ढकलायची नाही, दुसरा माणूस समोरून हवाच.

जोडांचा कागद सोबत्याच्या खिशात एक आणि तुमच्या खिशात एक.